आईला रोज भेटणारा माणूस

आमच्या घरात आई होती आणि पप्पाही होते, फक्त एका वेळी एकच. पप्पा चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढणाऱ्या मशीनवर, ऑपरेटर होते. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. आई हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत ट्रान्सपोर्ट डेस्कवर होती. कोणत्या कॅबने कुणाला कुठून उचलायचं, कोण वाकडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलाय, कोणता ड्रायव्हर फोन उचलत नाहीये, हे सगळं ती कानाला फोन लावून दिवसभर सांभाळायची. मी शाळेत जायला लागले तेव्हाच या दोघांनी ठरवून टाकलं होतं की पोरीला रिकाम्या घरात ठेवायचं नाही. म्हणून आईने साहेबांच्या मागे लागून आपली पाळी कायम पप्पांच्या उलटी लावून घेतली. ते सकाळी तर ही दुपारी, ते दुपारी तर ही सकाळी. आमच्या पट्ट्यात कारखान्यांचा रविवार गुरुवारी येतो आणि आईचा मात्र कॅलेंडरप्रमाणे रविवारीच यायचा, त्यामुळे सुट्टीचीही गाठ पडायची नाही. त्यातून संत तुकाराम नगरात नवा फ्लॅट घेतला आणि हप्त्यापायी पप्पांनी गुरुवारीही ओव्हरटाइम धरला. मला यात काही वावगं वाटत नव्हतं. आई-वडील आलटून पालटून मिळतात अशीच माझी समजूत होती, आणि वर्गातल्या मुली ‘काल मी, आई आणि बाबा’ असं काही सांगायला लागल्या की त्या फुशारक्या मारताहेत असं मला वाटायचं.

दोघांच्या राजवटी अगदी वेगळ्या होत्या. आईच्या राज्यात वरण पातळ, पोळ्या मऊ आणि टीव्ही गृहपाठ झाल्यावर. पप्पांच्या राज्यात वरण इतकं घट्ट की त्यात डाव उभा राहावा, ताज्या पोळीऐवजी कालच्या पोळ्यांचा कुस्करा आणि टीव्ही जेवतानाच. कुस्कऱ्यात ते लसूण आणि हिरवी मिरची असल्या हाताने घालायचे की शेजारच्या जिन्यातही कुणीतरी खोकायचं. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात ते उशिरा येऊन झोपलेले असायचे आणि आई उजाडायच्या आत कॅबने गेलेली असायची, तेव्हा सकाळी घरात आवाज करायला बंदी होती. दाराच्या बेलवर चिकटपट्टी लावलेली. मिक्सर वर्ज्य. शाळेचं आवरताना मी बादलीत नळाखाली फडकं सोडायचे, म्हणजे पाणी पडल्याचा आवाज होत नाही. कुकर शिट्टी करायच्या बेतात आला की चमच्याने ती हळूच उचलून वाफ सोडून द्यायची, ही विद्या मला आईने पाढ्यांच्याही आधी शिकवली होती. अजूनही मी कपाटाचं दार इतक्या हलक्या हाताने लावते की नवऱ्याला वाटतं मी काहीतरी चोरतेय.

त्या बिल्डिंगमध्ये आम्हाला येऊन थोडेच महिने झाले होते. समोरच्या फ्लॅटमध्ये शिंदे काकू राहायच्या. त्यांचं दार दिवसभर सताड उघडं असायचं आणि दारात त्या भाजी निवडत बसलेल्या असायच्या. आईशी त्यांची ओळख झाली होती, पण पप्पांचं त्यांना झालेलं दर्शन म्हणजे लुंगी, बनियन, कानाला गुंडाळलेला मफलर आणि अर्ध्या उघडलेल्या दारातून दुधाची पिशवी ओढून घेणारा एक झोपाळू, त्रासलेला हात. त्या हाताच्या मागे चेहराही असायचा, पण तो बघावासा वाटण्यासारखा नसायचा. पप्पा कामावर जायचे ती वेळ नेमकी काकूंच्या वामकुक्षीची. असा कुंभकर्ण नवरा असूनही ही बाई एवढी टापटीप कशी राहते, असं त्या आईला कौतुकाने विचारायच्या. आई नुसती हसायची.

एका सोमवारी अचानक आत्या आली. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. आजी लवकर गेल्यामुळे पप्पांना, म्हणजे तिच्या दत्तूला, तिनेच वाढवलं होतं, आणि तिच्या शब्दाला पप्पांनी आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं. ती धाराशिवकडच्या आमच्या गावात राहायची आणि एरवी चार पत्रं, दहा फोन केल्याशिवाय यायची नाही. या वेळी मात्र वल्लभनगरच्या स्टँडवर उतरली ती थेट दारातच, एका हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी आणि दुसऱ्या हातात शेंगांच्या चटणीचा डबा. आल्या आल्या तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, “किती वाळलंय माझं लेकरू.” मी चांगली गुटगुटीत होते. काहीतरी बिनसलंय हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

काय बिनसलंय ते दुसऱ्या दिवशी कळलं. शिंदे काकूंचं माहेर आमच्या गावाला लागूनच होतं, आणि तिथल्या तिथे कुठूनतरी फिरत फिरत काकूंचा निरोप आत्यापर्यंत गेला होता. मी शाळेतून आले तेव्हा पप्पा स्वयंपाकघरात पाठमोरे उभे राहून चरचरत्या कढईत कुस्करा परतत होते आणि आत्या नि काकू बाल्कनीत बसून कुजबुजत होत्या. काकूंच्या कुजबुजण्याला आवाज भरपूर होता.

“अक्का, मी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण रोज म्हणजे रोज हो. भाजीवालीने सांगितलं म्हणून मी दुपारची झोप मोडून बघून आले. हायवेच्या कडेला ती भज्यांची टपरी आहे ना, तिथं तुमची भावजय आणि तो. एका बशीत भजी खातात. आणि हसतात काय! तुम्हीच सांगा, नवरा-बायको कधी असं हसतात का?”

“कोन हाय पर त्यो बाप्या?”

“असेल कुणीतरी कंपनीतला. इस्त्रीचे कपडे, भांग पाडलेला. देखणा आहे हो.”

आत्याने स्वयंपाकघराकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाली, “दत्तू लई भोळा हाय. तेला काय बोलू नगा. आधी मी माज्या डोळ्यानं बगते. खरं निगालं तर लेकराला मी गावाकडं घिऊन जाते. हितं काय ऱ्हायलंय मग तिचं?”

मी दप्तर न काढताच जेवायला जाऊन बसले. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे आई-वडील वेगळे झाले होते आणि तिला वर्षाच्या मध्यातच मामाकडे नागपूरला धाडलं होतं. तिची बाकावरची जागा आठवडाभर कुणी घेतली नव्हती. आता माझीही तशीच रिकामी राहणार, असं वाटून मी नुसता भात चिवडत राहिले. समोर पप्पा नेहमीसारखे वाकून वाकून माझ्या ताटात बघत होते, “भेंडी राहिली, भेंडी राहिली” करत होते, आणि मला त्यांची इतकी दया येत होती की मी ती सगळी भेंडी मुकाट्याने भाताखाली लपवली.

जेवण झाल्यावर पप्पा कामावर जायची तयारी करू लागले. त्यांनी दाढी केली. कंपनीचा करडा शर्ट स्वतः इस्त्री केला, कॉलर दोनदा. पाणी लावून भांग पाडला आणि मानेला पावडर लावली. आत्या हे सगळं कौतुकाने बघत होती. “कंपनीत एवढं नटून जावं लागतं का रं?” ती म्हणाली. “उशीर होतोय अक्का,” एवढं पुटपुटून पप्पा जिना उतरले. ते वळणावरून दिसेनासे होईपर्यंत आत्या खिडकीत थांबली. “गेला बिचारा,” असं म्हणून तिने डोक्यावर पदर घेतला, माझा हात धरला आणि म्हणाली, “चल. तेला काय कळायच्या आत आपुन बगून येऊ.”

तुम्हाला एव्हाना सगळं कळलं असेल. आम्हाला कळलं नव्हतं. माझ्या डोक्यात कंपनीची बस म्हणजे पप्पा खाली उतरले की लगेच त्यांना पोटात घेऊन जाणारी गोष्ट होती. तिची वाट बघत ते कुठेतरी उभे राहत असतील, असा विचार मी कधी केलाच नव्हता. आणि आत्याला तर तिचा भाऊ म्हणजे नुकताच बिचारा कामाला गेलेला माणूस होता.

टपरीच्या अलीकडे पंक्चरवाल्याचं दुकान होतं आणि त्याच्यापुढे एक टेम्पो उभा होता. आम्ही त्याच्या आडोशाला राहिलो. हायवेवरून गाड्या धडधडत जात होत्या, त्यामुळे पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. थोड्याच वेळात एक पांढरी कॅब थांबली आणि आई उतरली. गळ्यात ओळखपत्र, हातात रिकामा डबा. टपरीसमोर आमच्याकडे पाठ करून एक माणूस उभा होता. आईने डबा बाकड्यावर ठेवला, त्याच्या हातातल्या बशीतलं भजं उचललं आणि तो काहीतरी म्हणाला तशी ती हसायला लागली. तोंडावर हात ठेवून, पुढे वाकून, भजं हातातच धरून. माझी आई असं हसते हे मला ठाऊकच नव्हतं. घरी ती दमलेली असायची, प्रेमळ असायची, कधी चिडलेलीही असायची, पण ही बाई मी आजवर पाहिली नव्हती. मला तिचा भयंकर राग आला.

“बगितलंस?” आत्या दातओठ खात म्हणाली. “कसा हातवारे करायलाय त्यो.”

तेवढ्यात तो माणूस चटणी घ्यायला वळला.

“आत्या, पप्पा आहेत,” मी म्हणाले.

“हाय थोडाफार दत्तूवानी.”

“अगं, पप्पाच आहेत!”

“छ्या! मी तेला कडेवर खेळवलाय. दत्तू असा हसत न्हाई कदी.”

तिचंही चुकत नव्हतं. मलाही दोनदा बघावं लागलं. आम्ही टेम्पोला वळसा घालून टपरीच्या मागे गेलो, कारण आत्याचा अजून विश्वास बसला नव्हता, आणि तिथे आम्हाला ऐकू येऊ लागलं. पप्पा माझी नक्कल करत होते. मी भेंडी भाताखाली कशी ढकलते, मग वर डाळ ओतून कसं निरागस तोंड करते, आणि ‘झालं माझं’ म्हणून ताट घेऊन कशी पळते, हे सगळं ते उभ्या उभ्या करून दाखवत होते. आई हसून हसून डोळे पुसत होती. मग पप्पांनी आवाज जरा खाली आणला.

“गणिताचा पेपर मिळालाय. दाखवला नाही अजून, दप्तराच्या मागच्या कप्प्यात घातलाय. मी बघितलं नाही असं दाखवलं. तूही आल्या आल्या विचारू नको. आज गप्प गप्प आहे जरा, जेवली पण नाही नीट. मैत्रिणीशी वाजलं असेल.”

“बघते मी,” आई म्हणाली. “खोकला?”

“कमी आहे. काढा दिलाय. थुंकला असेल बेसिनमध्ये, पण दिलाय.”

प्रेस शॉपमध्ये पाळी बदलताना जाणारा ऑपरेटर येणाऱ्याला मशीनपाशी उभं राहून चार्ज देतो. कोणता जॉब लागलाय, कुठून आवाज येतोय, कशावर लक्ष ठेवायचं, हे सगळं सांगितल्याशिवाय त्याला जाता येत नाही. पप्पा हे अभिमानाने सांगायचे. तर ते तिथे, हायवेच्या कडेला, आईला माझा चार्ज देत होते. नव्या घरी आल्यापासून रोज देत होते. एक आठवडा त्यांनी तिला द्यायचा, दुसऱ्या आठवड्यात त्यांची बस परत यायची आणि आईची कॅब सुटायची, तेव्हा तिने त्यांना. घरापर्यंत यायला मधे वेळच नसायचा. माझ्यावाचून त्यांचं बाहेर काहीतरी मजेत चाललंय म्हणून मला आलेला राग कुठल्या कुठे गेला, आणि मला मोठ्याने रडू फुटलं.

दोघंही दचकून वळले. आईने भजं पाठीमागे लपवलं, का कुणास ठाऊक. पप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणात उतरलं आणि तिथे आमचे घरचे पप्पा आले. “अक्का? तू इथं?”

आत्याने काकूंचं नाव न घेता सगळं सांगून टाकलं. आधी आई पुन्हा हसली, मग पप्पाही हसले, मग पंक्चरवालाही हसायला लागला. आत्या मात्र हसली नाही. उलट आता तिला खरा राग आला होता.

“हेला संसार म्हंत्यात? सोताच्या बायकूला चोरून भेटायचं? आरं, दोगं मिळून एवडं बोलायलाव तिच्याबद्दल, तिच्यासंगं दोगं मिळून कदी बोललाव?”

“अक्का, ती एकटी पडू नये म्हणून तर हे सगळं...” पप्पा म्हणाले.

“एकटी न्हाई व्हय? एक तर माय, न्हाईतर बाप. तिला इचारलं का कुनी?”

ते खरं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. आता दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. दोघंही जागे, दोघंही उभे, दोघांचंही लक्ष माझ्यावर. कित्येक महिन्यांत हे झालं नव्हतं, आणि मला सुचेना की या दोघांना मिळून काय सांगायचं असतं. मी नाक पुसत विचारलं, “भजी आहेत का अजून?”

“मी न्हेते हिला,” आत्या म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता, म्हणजे ती खरंच बोलत होती. “घरात मानसं हायत, गाय हाय, शाळा जवळ हाय. तुमची धावपळ सपली की आना परत. दत्तू, हो म्हन.”

आईने मला जवळ ओढलं. पप्पा बशीकडे बघत राहिले. त्यांना नाही म्हणता येत नाही हे मला माहीत होतं, आत्यालाही माहीत होतं. तेवढ्यात कंपनीची बस आली. दार उघडलं, ड्रायव्हरने हॉर्न दिला, आतून कुणीतरी ओरडलं, “चला दत्ताभाऊ, लवकर!” पप्पांनी सवयीने पिशवी खांद्याला लावली आणि दोन पावलं टाकली. मला वाटलं, आता हे ‘बघू अक्का’ म्हणणार, बस त्यांना घेऊन जाणार आणि ते परत येतील तेव्हा मी धाराशिवच्या एसटीत असेन. पप्पा पायरीपाशी थांबले, आत बघून म्हणाले, “आज जा तुम्ही, राव.”

“अहो, खाडा पडेल,” आई म्हणाली.

“पडू दे.”

बस गेली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत पप्पांनी धडधाकट असताना बस सोडल्याचं मला आठवत नाही. सोडल्यावर आपण आता काय करायचं असतं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी आणखी एक बशी भजी सांगितली.

आम्ही चौघं घरी आलो. शिंदे काकू उठून दारात येऊन बसल्या होत्या. आईने पप्पांच्या दंडाला हात लावून त्यांना पुढे केलं आणि म्हणाली, “काकू, हे आमचे मिस्टर.” काकूंच्या हातातली गवार परातीत पडली. “अय्या, हो का? मला वाटलं...” एवढं बोलून त्या आत गेल्या आणि त्या दिवशी त्यांचं दार प्रथमच लागलं. काकू आपल्याला देखणा म्हणाल्या हे पुढे माझ्याकडून कळल्यावर पप्पा ते कित्येक वर्षं विसरले नाहीत. आईशी वाद झाला की ते गंभीरपणे म्हणायचे, “लोक काय म्हणतात ते विचार जरा समोर जाऊन.”

आमच्या घरी आता उलटी तऱ्हा आहे. मी आणि नवरा दोघंही दिवसभर घरातूनच काम करतो, दोन खोल्यांत, कानाला हेडफोन लावून. चहा हवा का हे तो मला मेसेज करून विचारतो. कधीकधी वाटतं, आम्हालाही कुणीतरी हायवेच्या कडेला नेऊन उभं करायला हवं.

तर, त्या दिवशी घरी आल्यावर आत्याने पिठलं टाकलं, भाकऱ्या थापल्या. आईचा डबा सकाळीच संपला होता, तिला भूक होती, माझं धड झालं नव्हतं आणि पप्पा जेवलेले असूनही मी परत बसतो म्हणाले. आत्या आल्यापासून स्वयंपाकघरात खाली बसूनच जेवायची. आमचं जेवायचं टेबल नव्या घराबरोबर आलं होतं, चार खुर्च्यांचं, आणि त्यावर मी आणि आई बसायचो, नाहीतर मी आणि पप्पा. मी माझ्या जागेवर बसले. आईने पिठल्याचं भांडं ठेवलं आणि माझ्या समोरच्या खुर्चीपुढे आपलं ताट मांडलं. पप्पा हात पुसत आले आणि त्यांनी तीच खुर्ची मागे ओढली. दोघंही थांबले.

“अहो, ही माझी जागा आहे.”

“तुझी कशी? मी रोज इथंच बसतो.”

“मीही रोज इथंच बसते.”

मी हे रोज बघत होते आणि माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. पप्पांनी खुर्चीची पाठ सोडली नाही. आईनेही ताट उचललं नाही.

“चार खुर्च्या हायत,” आत्या परातीवरून बघत म्हणाली. “दोगांस्नी येकच कशाला पायजे?”

“इथनं ही नीट दिसते,” पप्पा माझ्याकडे बोट करून म्हणाले.

आई म्हणाली, “म्हणून तर मी बसते.”

आत्याच्या हातातली भाकरी तशीच राहिली. ती एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मग भाकरी तव्यावर टाकून, आमच्याकडे पाठ करून ती म्हणाली, “आन् मी हिला न्हेलं, तर त्या खुर्चीत बसून काय भिताड बगायचं का तुमी दोगांनी?”